खाते राणी, भरते चंद्री

प्रश्न : डॉक्टर, नमस्कार. आम्ही करवीर तालुक्यातले, पंचगंगेच्या काठचे. दावणीला तीन म्हशी आहेत, तिन्ही पंढरपुरी. त्यांतल्या राणी आणि चंद्री एकाच रेड्याच्या, आया वेगळ्या. दोघींचं तिसरं वेत चालू आहे. टेपनं छातीचा घेर मापून वजन काढलं तर दोघी सव्वाचारशे किलोच्या आसपास. दुधातही फार फरक नाही, दोन्ही वेळचं मिळून सहा-सात लिटर. पण चंद्री दोन पेंढ्या खाऊन निवांत रवंथ करत बसते आणि अंगानं कशी भरलेली. राणीची गव्हाण मात्र कधी बघावं तर रिकामी. चंद्रीच्या दुप्पट तरी खात असेल, तरी बरगड्या मोजून घ्याव्यात. सासूबाई म्हणतात, हिच्या पोटात आग आहे. दृष्ट काढून झाली, अंगारा लावून झाला, आता व्यापाऱ्याला दाखवा म्हणतात. मालक म्हणतात, पाडव्याला म्हशींच्या शर्यतीत गाडीमागं पळायला राणीच लागते, ती विकायची नाही. मला तीन गोष्टी सांगा. एकाच जातीच्या, एकाच वजनाच्या दोन म्हशींत एवढा फरक कसा? राणीला काही दुखणं असेल का? आणि तिची रेडी दीड वर्षाची झाली आहे, ती पण आईवरच जाणार का?

उत्तर : ताई, राणीला एवढ्यात व्यापाऱ्याला दाखवू नका. आणि सासूबाईंचं बोलणं हसण्यावारीही नेऊ नका, कारण पोटातल्या आगीचा हिशोब शास्त्रज्ञांनी खरोखर मांडलेला आहे. पॅरिसमध्ये १७८२-८३ च्या हिवाळ्यात लव्हाझिए आणि लाप्लास या दोघांनी एक गिनीपिग बर्फाने वेढलेल्या भांड्यात ठेवला. त्याच्या अंगच्या उष्णतेने किती बर्फ वितळलं ते मोजलं, श्वासातून किती कार्बन डायऑक्साइड बाहेर पडला ते मोजलं, आणि तेवढाच वायू सोडणारा कोळसा जाळला तर किती बर्फ वितळेल याच्याशी ताळा करून पाहिला. आकडे बऱ्यापैकी जुळले. जनावराचा श्वास म्हणजे एक प्रकारचं संथ जळणंच, हे तिथून पक्कं झालं. तेव्हा आग राणीच्या पोटात आहे तशी चंद्रीच्याही आहे, तुमच्या-माझ्याही आहे. प्रश्न एवढाच की कुणाची किती मोठी, आणि का.

म्हैस दावणीला नुसती बसली आहे, खात नाही, चालत नाही, आटलेली आहे, पोटात रेडकू नाही, ऊन-थंडीचा त्रास नाही, तरी तिचा खर्च चालूच असतो. काळीज धडधडतं, मूत्रपिंडं रक्त गाळत असतात, जुनी प्रथिनं मोडून नवी बांधली जातात, पेशीत शिरणारं सोडियम सतत बाहेर काढावं लागतं. या किमान खर्चाला मूलभूत चयापचय म्हणतात. मी गोठ्यात बोलताना त्याला बैठा खर्च म्हणतो, इथेही तेच म्हणू.

हा खर्च वजनावर ठरतो, पण सरळ पटीत नाही. मॅक्स क्लायबर या मूळच्या स्विस शास्त्रज्ञाने कॅलिफोर्नियात काम करताना १९३२ साली उंदरापासून बैलापर्यंतच्या प्राण्यांचे आकडे एका रेषेवर बसवून दाखवले. त्याच्या सूत्राने साठ किलोच्या माणसाचा बैठा खर्च दिवसाला सुमारे १५०० किलोकॅलरी येतो आणि सव्वाचारशे किलोच्या म्हशीचा सुमारे ६५००. वजन सातपट, खर्च सव्वाचार पटीच्या आसपास. सूत्र अजूनही वापरात आहे आणि चांगलं आहे. पण ते सांगतं सरासरी, आणि तुमच्या दावणीला सरासरी म्हैस बांधलेली नाही.

कितीतरी वर्षं संशोधकांनी या सरासरीच्या वर-खाली पडणाऱ्या जनावरांकडे मोजमापातली चूक म्हणूनच पाहिलं. मग काहींनी तीच जनावरं पुन्हा पुन्हा मोजली. वय सारखं, वजन सारखं, लिंग एक, तापमान एक, पोट रिकामं. तरी जे जनावर पहिल्यांदा जास्त खर्चाचं निघालं तेच पुढच्या वेळीही बहुधा जास्त खर्चाचं निघालं. म्हणजे चूक नव्हती, स्वभाव होता. प्राण्यांच्या काही जातींत तर हा फरक दुपटी-तिपटीपर्यंत सापडला आहे. माणसांतही आहे. २९ देशांतल्या सहा हजारांहून अधिक लोकांचे दिवसभराच्या खर्चाचे आकडे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांत शरीराचं आकारमान, चरबी, वय, लिंग हे सगळं वजा केल्यावरही माणसामाणसांत वीस टक्क्यांच्या वर-खाली फरक उरतोच. तालमीतल्या कुठल्याही वस्तादांना विचारा. एकाच वजनगटातल्या दोन पैलवानांना एकच खुराक लागू पडत नाही, हे ते आकड्यांशिवाय सांगतील.

आता हे तुमच्या वैरणीच्या भाषेत आणू. समजा राणीचा बैठा खर्च चंद्रीपेक्षा दहा टक्के जास्त आहे. म्हणजे दिवसाला साडेसहाशे किलोकॅलरी. वाळलेल्या कडब्यातून जनावराच्या हाती प्रत्यक्षात जे लागतं त्या हिशोबाने हे ढोबळमानाने अर्धा किलो कडबा होतात. दिवसाचे अर्धा किलो कुणाच्या डोळ्यांत येत नाही, वर्षाचे पावणेदोनशे ते दोनशे किलो येतात. फरक वीस टक्के असेल तर दिवसाला किलोभर. पण दुप्पट? सहा-सात लिटर दूध देणाऱ्या दोन सारख्या म्हशींत केवळ बैठ्या खर्चामुळे खाणं दुप्पट होणं मला पटत नाही. तिथे दुसरं काहीतरी मिसळलेलं आहे, म्हणून तुमचा दुसरा प्रश्न आधी घेतो.

राणी खाते किती ते तुम्ही रिकाम्या गव्हाणीवरून ठरवलं आहे. रिकामी गव्हाण म्हणजे खाल्लेली वैरण नव्हे. काही म्हशी तोंडात घास धरून मान झटकतात, निम्मी वैरण पायाखाली जाते, शेणामुतात मिसळते आणि सकाळी झाडून उकिरड्यावर. काही जणी शेजारणीच्या गव्हाणीत तोंड घालतात. पाडव्याला गाडीमागे सगळ्यांत पुढे पळणारी म्हैस दावणीलाही गप उभी राहणारी नसते. शिंगं हलवणं, दाव्याला हिसके देणं, सारखं उठणं-बसणं, हाही खर्चच आहे, फक्त तो बैठा नाही. तेव्हा पहिलं काम असं करा. दोघींच्या मध्ये अंतर ठेवा, किंवा तिसरीला मध्ये बांधा. काट्यावर वैरण तोलून टाका, दुसऱ्या दिवशी उरलेली आणि सांडलेली गोळा करून तोला. ओली वैरण आणि वाळली वैरण यांचं वजन वेगवेगळं लिहा, कारण हत्ती गवतात बहुतेक पाणीच असतं आणि ओल्या वजनावर तुलना केली की गणित कोसळतं. पंधरा-वीस दिवस हे करा. दुप्पट वाटणारा आकडा बराच खाली येईल असा माझा अंदाज आहे.

दुसरं काम, शेणाची तपासणी. तुम्ही नदीकाठचे. पाणथळ गवतात बारक्या गोगलगायी असतात आणि त्यांच्यातून पर्णकृमी जनावराच्या पोटात जातात, यकृतात जाऊन बसतात. म्हशींना याचा त्रास आपल्या भागात नवा नाही. जनावर खातं, पण अंगाला लागत नाही, कातडी निस्तेज होते, पुढे जबड्याखाली सूज येते. पोटातले साधे गोल जंत वेगळे आणि पर्णकृमी वेगळे, दोन्हींवर एकच औषध चालेल असं नाही. म्हणून दुकानातून आणून पाजू नका, नमुना तपासून तुमच्या डॉक्टरांना ठरवू द्या. त्याच फेरीत गोचीड बघून घ्या आणि चारही सडांचं दूध तपासून घ्या, कारण वरून न दिसणारा कासेतला दगडीचा आजारही जनावराला आतून खातो.

तिसरं काम सगळ्यांत सोपं, आणि नेमकं तेच कुणी करत नाही. दोघींचं दूध वेगवेगळ्या भांड्यांत डेअरीला न्या आणि फॅट वेगवेगळी लावून घ्या. आत्ता तिन्ही म्हशींचं दूध एकाच किटलीत पडतं, स्लिपवर एकच आकडा येतो आणि तो तिघींच्या नावावर जातो. समजा चंद्रीच्या दुधाला साडेसहा फॅट आहे आणि राणीच्या दुधाला आठ. लिटरमागे पंधरा ग्रॅम तूप जास्त, म्हणजे साधारण १४० किलोकॅलरी. साडेसहा लिटरवर दिवसाला ९०० होतात. वर आपण दहा टक्के बैठ्या खर्चाचे धरले होते साडेसहाशे. म्हणजे मापातला दूधाचा आकडा सारखा दिसत असताना राणी तिच्या बरगड्यांवरचं मांस तुमच्या किटलीत ओतत असेल, आणि बोल मात्र तिलाच लागत असतील. एक दिवसाची फॅट धरू नका. सकाळची आणि संध्याकाळची वेगळी येते, माजावर असताना वेगळी येते. आठवडाभर घ्या.

हे सगळं होऊन राणी निरोगी निघाली, फॅटही सारखी आली, वैरण मात्र खरोखरच जास्त लागते असं दिसलं, तर मग आपण बैठ्या खर्चापाशी आलो. तो कमी-जास्त का असतो?

यातला मोठा भाग अवयवांवर आहे. मटणाच्या दुकानात मांडी महाग आणि वजडी स्वस्त. शरीराच्या हिशोबात बरोबर उलटं आहे. माणसाच्या शरीराचे आकडे पाहा. स्वस्थ बसलेल्या माणसाच्या स्नायूचा एक किलो दिवसाला जेमतेम १३ किलोकॅलरी खर्च करतो, चरबीचा किलो साडेचार. यकृताचा किलो मात्र २०० खातो, मेंदूचा २४०, आणि हृदय किंवा मूत्रपिंडाचा किलो ४४० च्या घरात. म्हणजे दोन शरीरं काट्यावर एकाच वजनाची भरली तरी एकीत यकृत-आतडी अर्धा किलो जास्त आणि दुसरीत चरबी तेवढी जास्त असेल, तर खर्च एक होणारच नाही. गाई-म्हशींसारख्या रवंथ करणाऱ्यांत तर हे आणखी ठळक. गुरांमध्ये पोट, आतडी आणि यकृत मिळून वजनाचा लहानसा भाग असतो, पण शरीराला लागणाऱ्या प्राणवायूतला चाळीस ते पन्नास टक्के वाटा त्यांचाच. आता तुमच्या चंद्रीकडे बघा. ती भरलेली दिसते, कारण तिच्या सव्वाचारशे किलोंत चरबी जास्त आहे, आणि चरबी सांभाळायला फारसं काही लागत नाही. राणीच्या तेवढ्याच किलोंत बहुधा कामाचं मांस आणि आतला कारखाना जास्त आहे. टेप छातीचा घेर सांगते, आत काय भरलंय ते सांगत नाही.

पोलंडमधल्या संशोधकांनी उंदरांवर हे पडताळून पाहिलं. पिढ्यान्‌पिढ्या जास्त बैठ्या खर्चाचे उंदीर एका बाजूला आणि कमी खर्चाचे दुसऱ्या बाजूला अशी निवड करत दोन घराणी तयार केली. जास्त खर्चाच्या घराण्यात यकृत, मूत्रपिंडं, हृदय आणि लहान आतडं मोठं निघालं. निवड झाली ती खर्चावर, अवयव मागोमाग वाढत गेले.

दुसरं कारण पेशींच्या आत आहे. पेशीतल्या तंतुकणिका अन्न जाळून शरीराला वापरता येईल अशी ऊर्जा बनवतात, पण हे काम चोख होत नाही. काही भाग गळतो, त्याची नुसतीच उष्णता होते. उंदरांमध्ये बैठ्या खर्चाचा पाचवा हिस्सा किंवा थोडा अधिक या गळतीतच जातो असा हिशोब आहे. आणि ही गळतीही प्रत्येकात सारखी नसते. ग्लासगो विद्यापीठात ट्राउट माशांना सारखंच खाणं देऊन पाहिलं, तर ज्यांच्या तंतुकणिका तेवढ्याच प्राणवायूत जास्त ऊर्जा बनवत होत्या ते जास्त वाढले. खाणं तेच, जात तीच, पदरात पडलं वेगळं.

यावर कुणी म्हणेल, मग गळती म्हणजे शुद्ध तोटाच. तसंही नाही. जो जास्त जळतो तो लवकर संपतो, असा एक जुना समज शास्त्रातही होता. रेमंड पर्ल यांनी १९२८ मध्ये त्यावर आख्खं पुस्तक लिहिलं. पण २००४ मध्ये स्कॉटलंडच्या ॲबर्डीनमधल्या जॉन स्पीकमन आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या एका कळपात प्रत्येकाचा खर्च मोजला आणि ते मरेपर्यंत वाट पाहिली. सर्वांत जास्त खर्चाच्या चौथ्या हिश्श्यातले उंदीर सर्वांत कमी खर्चाच्या चौथ्या हिश्श्यातल्यांपेक्षा ३६ टक्के जास्त जगले, आणि त्यांच्या तंतुकणिकांत गळतीही जास्त होती. म्हशीला हे जसंच्या तसं लावू नका, पण 'जास्त खाणारं जित्राब टिकत नाही' हे वाक्य गोठ्यात ऐकलं की मला ते उंदीर आठवतात.

थायरॉइडचा उल्लेख करतो, कारण पुढचा प्रश्न तोच येतो. या ग्रंथीच्या रसाने बैठा खर्च वाढतो हे १८९५ पासून माहीत आहे. म्हणून कुणी तो कमी करायची पावडर विकायला आलं तर दारातूनच परत पाठवा. निरोगी जनावराचा बैठा खर्च बाहेरून औषध घालून उतरवणं हा उपाय नव्हे, नवा आजार आहे.

हा खर्च आयुष्यभर एका जागी राहतो असंही समजू नका. खाणं कमी झालं की शरीर हात आखडतं. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटाला अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी ३६ तरुणांना, त्यांच्या संमतीने, सहा महिने अर्धपोटी ठेवलं. त्यांचा बैठा खर्च चाळीस टक्क्यांच्या आसपास खाली आला, आणि ही घट नुसत्या उतरलेल्या वजनाने येईल त्याहून जास्त होती. गुरांतही उन्हाळ्यात वैरण तुटली की आतडी आणि यकृत आकसतात, खर्च उतरतो, आणि पावसाचं गवत मिळाल्याबरोबर जनावर झपाट्याने भरतं, कारण खर्च अजून उतरलेलाच असतो. आपल्याकडे आषाढ-श्रावणात म्हशी बघता बघता चकाकायला लागतात, त्यात या गोष्टीचा वाटा आहे. मात्र यावरून राणीची वैरण तोडायची कल्पना डोक्यात आणू नका. दुभत्या म्हशीची वैरण तोडली तर खर्च उतरायच्या आधी दूध उतरतं, आणि मग ती माजावर यायला उशीर करते. दोन-तीन महिने भाकड काळ वाढला तर वाचवलेल्या वैरणीच्या कितीतरी पट पैसा जातो.

आता मुख्य मुद्दा. जास्त बैठा खर्च चांगला की वाईट? याचं सर्वांत नीट उत्तर माशांनी दिलं आहे. अटलांटिक सामन माशाची पिल्लं थंड ओढ्यांत जन्मतात आणि जागेसाठी भांडतात. नील मेटकाफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये दाखवलं की ज्या पिल्लाचा बैठा खर्च जास्त, ते भांडणात वरचढ ठरतं. चांगली जागा पटकावतं, आधी खायला लागतं. अन्न भरपूर असेल आणि कुठे येणार हे ठरलेलं असेल तर तेच भराभर वाढतं. अन्न तुटपुंजं झालं, आज इथे उद्या तिथे असं झालं, की या वरचढपणाचा फायदा विरतो आणि कधी उलटतोसुद्धा. कारण मोठं आतडं, मोठं यकृत, तयारीतलं शरीर हे रोज पोसावं लागतं, खायला असो वा नसो. म्हणूनच निसर्गाने एका जातीत एकच दर ठेवलेला नाही. बरं वर्ष राणीच्या सोयीचं, वाईट वर्ष चंद्रीच्या सोयीचं, आणि वर्षं काही सारखी येत नाहीत.

गुरांच्या जातींतही हेच दिसतं. अमेरिकेतल्या गुरांच्या आहाराच्या प्रमाण कोष्टकांत वशिंडाच्या जातींचा निभावणीचा खर्च, म्हणजे आहे ते वजन राखायला लागणारा खर्च, मांसासाठी पाळलेल्या युरोपीय जातींपेक्षा दहा टक्के कमी धरतात, आणि दुधाळ जातींचा वीस टक्के जास्त. दूध भरपूर हवं तर ते पचवायला, बनवायला मोठी यंत्रणा लागते, आणि ती आटलेल्या काळातही खातच राहते. माण-आटपाडीच्या माळावर जिथे चार महिने कडब्याची काडी मोजून टाकावी लागते, तिथे खिलार जनावर तग धरतं ते उगाच नाही. तिथल्या कुणी मला तुमचंच पत्र लिहिलं असतं तर मी विचार न करता चंद्रीच्या बाजूने कौल दिला असता. तुमचं तसं नाही. नदीचं पाणी आहे, हत्ती गवत बारमाही आहे, उसाच्या हंगामात वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, दारात पडतात. तुमच्या गोठ्यात राणीचा जास्त खर्च लगेच तोट्यात जात नाही, उलट खाणं वाढवलं तर ती दुधात परत करते का ते बघायची सोय तुम्हाला आहे. तिला दिवसाला एक किलो गोळी पेंड वाढवा, हळूहळू, आठवड्याभरात. दूध किंवा फॅट वर सरकली तर तिची यंत्रणा रिकामी राहत होती असं समजा. तीन आठवड्यांत काहीच हललं नाही आणि अंगही भरलं नाही, तर वाढवलेली पेंड काढून घ्या. चंद्रीला मात्र जास्त पेंड देऊ नका, ती आणखी चरबी चढवेल आणि पुढच्या वेताला व्यायला त्रास काढेल. जाता जाता, दोघींनाही नुसत्या वाढ्यांवर ठेवू नका. वाढ्यांत ऑक्झलेट असतं, ते कॅल्शियम अडवून धरतं. बरोबर कडबा आणि खनिज मिश्रण हवंच.

राणीच्या रेडीचं विचारलंत. बैठा खर्च काही प्रमाणात आईबापाकडून येतो, पोलंडच्या उंदरांची घराणी त्याशिवाय झालीच नसती. पण सगळा येत नाही. अर्धं दान बापाचं, आणि जन्माआधी आईच्या पोटात व जन्मानंतर पहिल्या काही महिन्यांत काय मिळालं याचाही ठसा उमटतो. राणी आणि चंद्री एकाच रेड्याच्या असून अशा निघाल्या, यातच तुमचं उत्तर आहे. गोमांसासाठी गुरं पाळणाऱ्या देशांत १९६३ पासून एक हिशोब करतात. जनावराच्या वजनावरून आणि वाढीवरून त्याने किती खायला हवं ते काढायचं, आणि प्रत्यक्ष जेवढं खाल्लं त्यातून ते वजा करायचं. हा हिशोब मांडणाऱ्याचं नाव रॉबर्ट कॉख. क्षयाचा जंतू शोधणारा तो हा नव्हे. या उरलेल्या आकड्यावर वळूंची निवड करता येते, कारण तो मध्यम प्रमाणात वंशात उतरतो. आपल्याकडे एका म्हशीची वैरण मोजणारे हाताच्या बोटावर, त्यामुळे रेडीचा अंदाज आजच बांधू नका. तिच्या वजनाची महिन्याला एक नोंद टेपने घ्या, आणि ती खाण्यात आईसारखी आहे म्हणून तिला कमी वैरणीची सवय लावायला जाऊ नका. वाढीच्या वयात उपाशी ठेवलेली रेडी उशिरा माजावर येते, एवढंच पदरात पडेल.

सासूबाईंना आणि मालकांना एकाच वहीत बसवा. एका पानावर राणी, एका पानावर चंद्री. रोजची तोललेली वैरण आणि पेंड, तिचे पैसे. रोजचं दूध, आठवड्याची फॅट, डेअरीचे पैसे. भरवल्याची आणि गाभण राहिल्याची तारीख. या वेताच्या शेवटी दोन्ही पानांची बेरीज करा. राणीने जास्त खाल्लं हे पहिल्याच ओळीत दिसेल, त्यावर कुणी भांडायचं नाही. शेवटच्या ओळीत किती उरलं ते बघायचं. ती वेळेवर गाभण राहिली आणि उरलेले पैसे चंद्रीच्या आसपास असले, तर ठेवा. वेळेवर गाभण राहत नसेल आणि पानही तोट्यात जात असेल, तर विकायला माझी हरकत नाही, पण आटलेली, बरगड्या निघालेली राणी तेव्हा लगेच विकू नका. अशा म्हशीला व्यापारी निम्म्यात मागतो. पुढच्या वेताला व्याल्यावर, कासेत दूध असताना, धार काढून दाखवून विका, आणि जमल्यास बारमाही हिरवी वैरण असणाऱ्या घरी द्या.